पेंटाटॉनिकवर ब्लूज आणि रॉक लीड गिटार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची सगळी उदाहरणं ए पट्टीत आहेत, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. ३/७ असं लिहिलं असेल तर तिसरी तार, सातवा फ्रेट. पहिली तार सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड. गिटार नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई ट्यूनिंगमध्ये आहे असं धरलं आहे. बेंड म्हणजे दाबलेली तार बाजूला ढकलून स्वर चढवणं: पूर्ण बेंड म्हणजे दोन फ्रेटइतका, अर्धा बेंड म्हणजे एक फ्रेट, आणि पाव बेंड म्हणजे जेमतेम अर्धा फ्रेट.

मायनर पेंटाटॉनिकमध्ये नेमके कोणते स्वर येतात आणि ते गिटारवर कुठे सापडतात?

ए मायनर पेंटाटॉनिकचे पाच स्वर ए, सी, डी, ई आणि जी. हे स्वर मानेवर बोटांच्या पाच ठरलेल्या आकारांत बसतात, त्यांना बॉक्स म्हणतात. पहिला बॉक्स पाचव्या फ्रेटवर बसतो. सहाव्या तारेवर ५ आणि ८, पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ५ आणि ७, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर पुन्हा ५ आणि ८. पाचव्या फ्रेटला तर्जनी, सातव्याला अनामिका, आठव्याला करंगळी अशी बोटं ठेवायला सांगितलं जातं. नुसतं वर-खाली वाजवायला ते ठीक आहे. पण २/८ किंवा १/८ बेंड करायचा असेल तर तिथेही अनामिकाच वापरा, करंगळीत तेवढा जोर नसतो.

ए या बॉक्समध्ये तीन ठिकाणी आहे: ६/५, ४/७ आणि १/५. डोळे मिटून ही तीन ठिकाणं सापडली पाहिजेत, कारण बहुतेक लिक्स, म्हणजे सुरांची छोटी वाक्यं, तिथेच येऊन थांबतात.

ज्यांचा कान रागसंगीतावर तयार झाला आहे त्यांना हे स्वर अनोळखी वाटणार नाहीत. सा, कोमल ग, म, प, कोमल नि हे धानी रागाचे स्वर आहेत. चलन अगदी वेगळं असलं तरी स्वरांची अंतरं आधीच कानात असणं ही मोठी जमेची बाजू आहे. लिक वाजवण्याआधी ती सरगममध्ये गुणगुणून पाहा.

पाचही बॉक्स आधी पाठ करावेत का?

नको. पाचही बॉक्स पाठ झालेले आणि एकही लिक सुरात वाजत नसलेले विद्यार्थी सर्रास दिसतात. पहिला बॉक्स पुरेसा वापरून झाल्यावर दुसऱ्या बॉक्सचा वरचा भाग घ्या: ३/९, २/८, २/१०, १/८, १/१०. तिथे जायचा रस्ताच एक लिक आहे. ३/७ वरून ३/९ वर स्लाइड (बोट न उचलता सरकवणं), मग २/८, मग २/१०. खालच्या बाजूला ५/३ वरून ५/५ वर आणि ६/३ वरून ६/५ वर स्लाइड करायला शिका. एवढ्या जागेत पुष्कळ ब्लूज मावतो. उरलेले बॉक्स गरज पडेल तसे शिका, घाई नाही.

स्केल पाठ आहे, पण सोलो वाजवायला गेलं की व्यायाम केल्यासारखं वाटतं. का?

बहुतेकदा तीन कारणं एकत्र असतात.

पहिलं, स्वर ओळीने येतात. लिकमध्ये उडी असते, एखादा स्वर पुन्हा येतो, दिशा बदलते. दुसरं, मध्ये थांबाच नसतो. ब्लूजच्या गाण्यात साधारण दोन बार (एक बार म्हणजे चार मात्रा) गायक गातो आणि पुढचे दोन बार गिटार उत्तर देते. बी. बी. किंग असंच वाजवायचे, आवाज थांबला की गिटार बोलायची. म्हणून दोन बार वाजवा आणि दोन बार पूर्ण गप्प राहा. त्या शांततेत पाय ठेका देत राहिला पाहिजे. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं: कुठे थांबायचं हे ठरलेलं नसतं, बोटं दमतील तिथे वाक्य संपतं. पाच स्वर सगळ्यांकडे तेच आहेत. कोणत्या कॉर्डवर, कोणत्या मात्रेला आणि कोणत्या स्वरावर तुम्ही उतरता, यावर लिक घडते.

आठवडाभर फक्त ३/५, ३/७, २/५, २/८ आणि १/५ एवढ्याच पाच जागा वापरा. सुरुवात पहिल्या मात्रेवर न करता दुसऱ्या मात्रेवर करा. एक वाक्य वाजवा, तेच पुन्हा वाजवा, तिसऱ्यांदा फक्त शेवट बदला.

सुरुवातीला कोणत्या लिक्स शिकाव्यात?

या चार आधी बसवा.

१. ३/७ पूर्ण बेंड, मग २/५, मग १/५. बेंड केलेला स्वर आणि २/५ हे दोन्ही ई आहेत. त्यामुळे बेंड कमी पडला किंवा जास्त झाला तर पुढच्याच स्वराला कळतं. पहिली लिक हीच असावी असं आम्ही ठामपणे सांगतो.

२. २/८ वरून २/५ वर पुल-ऑफ (पुन्हा न छेडता, वरचं बोट तार ओढून सोडतं आणि खालचा स्वर वाजतो), ३/७ वरून ३/५ वर पुल-ऑफ, शेवटी ४/७ व्हायब्रेटोसह, म्हणजे स्वर हेलकावत. स्वर जी, ई, डी, सी, ए. वाक्य संपवायला उत्तम. ३/५ ला अगदी थोडा, पाव बेंड द्या. तो नसला तर लिक कोरडी लागते.

३. ५/७, ४/५, ४/७, ३/५ पाव बेंडसह, परत ४/७. खालच्या पट्ट्यातली आहे, म्हणून गायकाच्या आवाजाला आड येत नाही.

४. ३/५ वरून ३/६ वर हॅमर-ऑन (पुन्हा न छेडता बोट तारेवर आपटून), २/५, २/८, १/५. इथला ३/६ पेंटाटॉनिकच्या बाहेरचा आहे. तो कधी चालतो आणि कधी खटकतो ते पुढे १२ बारच्या प्रश्नात आहे.

प्रत्येक लिक आधी मेट्रोनोम ६० वर, दर मात्रेला दोन स्वर या गतीने वाजवा. सलग पाच वेळा स्वच्छ वाजली तरच ५ ने गती वाढवा.

बेंड सुरात लागत नाही. काय चुकतं?

दोन गोष्टी तपासा, हात आणि कान.

हाताची चूक म्हणजे एकट्या बोटाने तार ढकलणं. अनामिका ३/७ वर ठेवा, तिच्या मागे सहाव्या फ्रेटवर मधलं बोट आणि पाचव्यावर तर्जनी, तिन्ही त्याच तारेवर. अंगठा मानेच्या वरून थोडा बाहेर काढा. आता बोटं ताठ न करता मनगट फिरवा, कुलपात किल्ली फिरवताना फिरतं तसं. तर्जनीच्या बुडाची बाजू मानेला खालून टेकलेली असते, तीच तरफेचा आधार. अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेवून बेंड करणारा माणूस नेहमी कमी पडतो, कारण त्याला हा आधारच मिळत नाही.

कानाची चूक म्हणजे कुठे पोचायचं हे न ऐकताच तार ढकलणं. आधी ३/९ वाजवा, तो ई कानात बसवा, मग ३/७ बेंड करून तिथे पोचा. पोचल्यावर तिथेच दोन मात्रा थांबा. ट्यूनर समोर ठेवून खात्री करता येते, पण आधी कानाने ठरवा आणि मग काट्याकडे बघा. मींड ऐकायची सवय असेल तर हे लवकर जमतं.

तार खाली उतरवतानाचा आवाज नको असेल तर उजव्या हाताने तार दाबून मग सोडा. पहिल्या तीन तारा वर, म्हणजे जाड तारांकडे ढकला. पाचवी आणि सहावी खाली ओढा. अल्बर्ट किंग डावखुरे होते आणि उजव्या हाताच्या क्रमाने लावलेल्या तारा उलट्या धरून वाजवायचे, त्यामुळे ते बारीक तारा खाली ओढत. त्यांच्या लिक्स शिकताना बोटं हुबेहूब जुळवायचा हट्ट धरू नका, स्वर जुळवा.

घरी अकूस्टिक गिटारच आहे. चालेल का?

चालेल, पण तिसऱ्या तारेवर अडेल. अकूस्टिकच्या नेहमीच्या १२-५३ सेटमध्ये (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे) तिसरी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर पूर्ण बेंड जवळजवळ अशक्य. तिथे ३/७ वरून ३/९ वर स्लाइड करा. स्वर तोच येतो. बेंडचा सराव २/८ वर करा, ती तार साधी असते. काहीजण तिसऱ्या जागी साधी तार लावतात. बेंड सोपा होतो, पण ब्रिजवरचं हाड गुंडाळलेल्या तारेसाठी कापलेलं असल्यामुळे वरच्या फ्रेट्सवर ती तार थोडी चढी बोलते.

इलेक्ट्रिकवर ९-४२ किंवा १०-४६ चा सेट घ्या. नवशिक्याला ९ बरा. जाड तारांनीच चांगला टोन येतो हा समज मनातून काढून टाका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तारा लवकर गंजतात आणि बेंड करताना खरखरतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसा.

व्हायब्रेटो थरथरल्यासारखा का येतो?

कारण तो बोटातून येतो. तो मनगटातून आला पाहिजे. व्हायब्रेटो म्हणजे एकसारखे छोटे बेंड, आणि प्रत्येक वेळी तार मूळ स्वरावर परत आलीच पाहिजे. परत न आल्यास सगळा स्वर चढा ऐकू येतो. ४/७ वर अनामिकेने सुरुवात करा. मेट्रोनोम ६० वर, एका मात्रेत दोन हेलकावे, मग तीन, मग चार. रुंदी सारखी ठेवा. स्वर लागल्याबरोबर हलवायला सुरुवात करू नका. आधी अर्धी मात्रा सरळ धरा, मग हलवा. बी. बी. किंग यांच्यासारखा तर्जनीचा व्हायब्रेटो हवा असेल तर अंगठा मानेवरून सोडून सगळा हात त्या एका बोटावर फिरवावा लागतो. तो नंतर शिका.

१२ बार ब्लूजवर सगळीकडे एकच स्केल चालतं, मग कॉर्ड कशाला बघायच्या?

चालतं हे खरं, आणि म्हणूनच पुष्कळ लोक तिथेच थांबतात. ए मधला साधा १२ बार असा: पहिले चार बार ए७, पाच-सहा डी७, सात-आठ ए७, नववा ई७, दहावा डी७, अकरावा ए७, बारावा ई७. दुसऱ्या बारलाच डी७ घेण्याचीही पद्धत आहे. ८० च्या गतीने एक फेरी ३६ सेकंदांत संपते. फेरी कुठे चालली आहे हे न मोजता कळेपर्यंत आधी नुसत्या कॉर्ड्स वाजवा. ज्याला बार हरवतात त्याचा सोलोही हरवतो.

आता स्वर बघा. ए७ मध्ये ए, सी शार्प, ई, जी. डी७ मध्ये डी, एफ शार्प, ए, सी. ई७ मध्ये ई, जी शार्प, बी, डी. प्रत्येक कॉर्डचा ‘तिसरा’ म्हणतात तो स्वर (वरच्या यादीत दुसरा, म्हणजे त्या कॉर्डचा शुद्ध गंधार) आपल्या पेंटाटॉनिकच्या बाहेर आहे, पण तिन्ही पहिल्या बॉक्समध्येच हाताशी सापडतात: सी शार्प ३/६ वर, एफ शार्प २/७ वर, जी शार्प ४/६ वर. सोलो कॉर्डबरोबर बदलतोय असं ऐकणाऱ्याला जाणवतं ते या तीन जागांमुळे.

सगळ्यात उपयोगी जोडी ३/५ आणि ३/६ ची. ए७ चालू असताना ३/५ वरून ३/६ वर या. पाचव्या बारला डी७ येताच ३/५ वर परत या, कारण सी हा डी७ चा स्वर आहे आणि सी शार्प त्यावर खटकतो. एका फ्रेटच्या या हालचालीत कॉर्ड बदलल्याचं स्पष्ट ऐकू येतं, मागे कोणी कॉर्ड वाजवत नसलं तरी. नवव्या बारला ई७ वर ४/६ घ्या आणि पुढच्या मात्रेला २/५ वर जा. बारा बार संपताना २/५ किंवा ५/७ वर, म्हणजे ई वर थांबलात तर फेरी पुढच्या फेरीकडे झुकते. ए वर थांबलात तर बंद होते.

सराव असा: संपूर्ण १२ बारमध्ये प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला त्या कॉर्डचा फक्त एक स्वर वाजवा, बाकी गप्प. फार साधा वाटतो, पण हा सराव करणाऱ्यांचे सोलो महिन्याभरात बदललेले ऐकू येतात.

मेजर पेंटाटॉनिक कधी वापरायचं?

ए मेजर पेंटाटॉनिकचे स्वर ए, बी, सी शार्प, ई, एफ शार्प. म्हणजे भूपाचे सा रे ग प ध. बोटांचा आकार पहिल्या बॉक्सचाच, तीन फ्रेट खाली दुसऱ्या फ्रेटवर. चूक इथे होते: आकार तोच म्हणून लोक मायनरच्याच लिक्स खाली सरकवून वाजवतात आणि सा भलत्याच जागी पडतो. या जागेत ए हा ६/५, ३/२ आणि १/५ वर आहे, वाक्य तिथे संपवा.

ए७ वर मेजर उजळ लागतं. डी७ आली की मायनरकडे वळा. मायनर गाण्यात, म्हणजे ए मायनर, एफ, जी अशा कॉर्ड्सवर, ए मेजर पेंटाटॉनिक अजिबात नको. उलट जी, सी, डी अशा सरळ मेजर गाण्यात जी मायनर पेंटाटॉनिक बळेच ब्लूजी वाटतं. तिथे जी मेजर घ्या.

पाव बेंड आणि ब्लू नोट एकच का?

एकच नाहीत. ब्लू नोट म्हणून शिकवला जातो तो ई फ्लॅट, म्हणजे तीव्र मध्यम, ५/६ आणि ३/८ वर. तो जाता-येता घ्यायचा. ५/७, ५/६, ५/५ असा उतरा, त्यावर थांबू नका. पाव बेंड मुख्यतः सी ला, म्हणजे ३/५ आणि १/८ ला द्यायचा. त्यातून येणारा स्वर कोमल गंधाराहून चढा आणि शुद्ध गंधाराच्या अलीकडचा असतो. ब्लूजचा खरा रंग इथे आहे, आणि कोणत्याही फ्रेटवर तो सापडत नाही.

बी. बी. किंग बॉक्स म्हणतात तो कुठला?

दुसऱ्या तारेच्या दहाव्या फ्रेटवरच्या ए भोवतालची छोटी जागा: २/१०, २/१२, १/१०, १/१२, ३/९, ३/११. तर्जनी २/१० वर. २/१२ अर्धा बेंड केला तर सी, पूर्ण केला तर सी शार्प, म्हणजे मायनर आणि मेजर दोन्ही एकाच बोटाखाली. डी७ वर अर्धा, ए७ वर पूर्ण. ३/११ हा एफ शार्प, डी७ वर सुरेख बसतो.

गती मेट्रोनोमला जुळते, तरी ब्लूजसारखं वाटत नाही.

मग शफल चुकतोय. शफलमध्ये मात्रेचे तीन भाग होतात. पहिला स्वर दोन भाग घेतो, दुसरा एक. तबल्यातली तिस्र जाती माहीत असेल तर लगेच पकडाल. तोंडाने आधी तीन-तीन मोजा, मग मधला भाग गाळा. पुष्कळसा रॉक सरळ आठच्या चालीवर असतो, तिथे दोन्ही स्वर सारखे. बॅकिंग ट्रॅक (मागे वाजणारी तयार साथ) शफल आहे की सरळ, हे सोलो सुरू करण्याआधी हाय-हॅटवरून ओळखा.

रॉकमधल्या भरभर फिरणाऱ्या लिक्स कशा वाजवायच्या?

त्यातल्या बऱ्याच लिक्स म्हणजे तीन किंवा चार स्वरांची पुनरावृत्ती. वर दिलेली पहिली लिक ट्रिप्लेटमध्ये (मात्रेला तीन स्वर) चार वेळा फिरवा, रॉक ऐकू येईल. दुसरी अशी: १/८ वरून १/५ वर पुल-ऑफ, मग २/८, आणि पुन्हा. दर फेरीला एकच पुल-ऑफ असल्यामुळे पिकचं काम कमी होतं. पुल-ऑफ करताना बोट नुसतं उचलू नका, तार किंचित खाली ओढून सोडा, नाहीतर दुसरा स्वर मरतो. तर्जनी १/५ आणि २/५ वर आडवी पडलेली असावी. याच दोन तारा एकदम छेडल्या की चक बेरी यांच्या १९५० च्या दशकातल्या दोन स्वरी लिक्सची चव येते.

डिस्टॉर्शनमध्ये गोंगाट होत असेल तर दोष बहुधा न वाजवायच्या तारांचा असतो. उजव्या तळव्याची कड जाड तारांवर, डाव्या तर्जनीचं टोक शेजारच्या जाड तारेला हलकेच टेकलेलं, तिचा बाकीचा भाग बारीक तारांवर सैल. सराव मात्र गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) कमी ठेवून करा. जास्त गेनमध्ये कच्चा पुल-ऑफही पक्का वाटतो.

मूळ रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना सगळं थोडं बेसूर का येतं?

जिमी हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे वॉन बहुतेक वेळा सहाही तारा अर्धा स्वर उतरवून वाजवत. गिटार ई फ्लॅटला उतरवा, तारा सैल होऊन बेंडही सोपे होतात. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये टेपच्या गतीमुळेही पट्टी इकडची तिकडे झालेली असते. तेव्हा गिटारच त्या पट्टीला लावून घ्या.

ऐकून लिक कशी काढायची?

फक्त दोन बार घ्या. गिटारला हात न लावता गाता येईपर्यंत ऐका. मग शेवटचा स्वर शोधा, नंतर पहिला. मधले स्वर मग आपोआप अरुंद जागेत अडकतात. यूट्यूबवर गती ०.७५ किंवा ०.५ करता येते. स्वर जुळला पण रंग जुळत नसेल तर तो दुसऱ्या तारेवर किंवा बेंडने वाजवलेला असतो. टॅब, म्हणजे तार-फ्रेटच्या आकड्यांत लिहिलेलं नोटेशन, शेवटी तपासायला उघडा.

रोज अर्धा तास मिळतो. तो कसा वापरावा?

पाच मिनिटं ट्यूनरसमोर ३/७ आणि २/८ चे बेंड. पाच मिनिटं व्हायब्रेटो. दहा मिनिटं एकच लिक, १२ बारच्या तिन्ही कॉर्ड्सवर शेवट बदलून. उरलेली दहा मिनिटं बॅकिंग ट्रॅक, मोबाइलवर रेकॉर्ड करून. दुसऱ्या दिवशी सराव सुरू करण्याआधी ते रेकॉर्डिंग ऐका आणि दोनच गोष्टी तपासा: बेंड पोचले का, आणि वाक्यं कॉर्डच्या स्वरावर संपली का. आठवडा झाला की पट्टी बदला. सहाव्या तारेवर जी तिसऱ्या फ्रेटला, सी आठव्या, डी दहाव्या आणि ई बाराव्या फ्रेटला आहे. सगळा बॉक्स तेवढा सरकतो. बाराव्या फ्रेटवर जागा अरुंद असते आणि तारही वेगळी ढकलावी लागते, म्हणून तिथले बेंड पुन्हा ट्यूनरवर तपासून घ्या.